वानखेडेबाबूंच्या डोक्याचे फोटो

एक्स-रे काढणाऱ्याकडे किस्से साचतातच. फिल्म पाकिटात घालून कपाटात ठेवता येते, किस्सा कुठे ठेवणार? ऐंशीच्या दशकात मी भिलाईत एका दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन होतो. तिथले एकट्या वानखेडेबाबूंचेच बघा किती!

*

बाबू पोलादाच्या प्लांटमध्ये क्लर्क, मूळचे अमरावतीकडचे, राहायला मरोद्याला. कंबर धरून आले. चिठ्ठीवर मात्र कवटीपासून मांडीपर्यंत सगळी हाडं!

“दुखून राहिली कंबर, अन् फोटो डोक्याचा कावून?”

मलाही ठाऊक नव्हतं. “मोठ्या डॉक्टर मॅडमनी लिहिलंय.”

“त्यायले सांगा, डोकं ठीक आहे. पाहिजे तर घरी विचारा!”

*

ओली फिल्म उजेडात धरली. कवटीभर गोल काळे डाग! वाटलं, केमिकलचे शिंतोडे उडाले. ट्रे धुतला, पुन्हा फोटो काढला. डाग त्याच जागी! तिसऱ्यांदा काढणार, तोच मॅडम म्हणाल्या, “थांब. डाग फिल्मवर नाहीत, हाडात आहेत.”

मायलोमा. हाडांमधल्या मज्जेचा कॅन्सर. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

बाकावरून बाबूंनी विचारलं, “खराब झाला का फोटो?”

मी “हो” म्हणालो.

*

बाबूंच्या मेव्हण्याने त्यांना मुंबईला नेलं. तिथल्या मोठ्या मशीनवर बोन स्कॅन झाला. रिपोर्ट जवळजवळ साफ! बाबू पेढे घेऊनच आले.

मॅडमनी समजावलं, “तो स्कॅन नवं हाड कुठे बनतंय ते दाखवतो. या रोगात हाड नुसतं पोखरलं जातं. म्हणून तिथे दिसलं नाही.”

बाबू डबा हातात धरून उभेच. “मंग हे वाटू का नको?”

मॅडमनी एक पेढा उचलला.

*

गोळ्यांनी दुखणं थांबलं. बाबू ताठ चालत आले. नवा फोटो काढला, भोकं तेवढीच!

“दुखणं गेलं, मंग भोकं कावून नाही गेले?”

मॅडम म्हणाल्या, “ती सहसा बुजत नाहीत, बाबू. नवी पडली नाहीत, एवढंच पाहायचं.”

बाबू म्हणाले, “म्हणजे प्लांटातल्या सेफ्टीवाल्यायसारखं. काहीच नाही झालं, की शाबासी!”

*

तीन वर्षांनी बाबू गेले. महिन्याभराने वानखेडेवहिनी आल्या. “त्यायच्या डोक्याचा एक फोटो द्या.”

पाकिटात चार होते. मी चारही दिव्याच्या पेटीवर लावले. वहिनी एकेक पाहत तिसऱ्यापाशी थांबल्या.

“हा द्या. याच्यात ते हसून राहिले.”

मी चारही फिल्म पुन्हा पाहिल्या. चारही कवट्या, चारींतही तेच दात.

“कशावरून, वहिनी?”

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. “तुमाले नाही दिसून राहिलं?”