राखणदाराचा चिरूट

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या वाडीत एक सिगार पेटवण्यासाठी चार माणसं अर्धा तास खपली… त्यातली एक मी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी सिगारचे फोटो काढते. ओरोसच्या ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा भाच्याने डिजिटल कॅमेरा दिला. मालवणात हातात कॅमेरा आला की जो तो किल्ल्याकडे धावतो, म्हणून मी घरातच विषय शोधला.

धाकटे दीर बोटीवर असतात. दर सुट्टीला सिगारची पेटी आणतात आणि आमच्या घरात ओढत कोणीच नाही. पानाच्या शिरा, तेलकट तकाकी, टोकाशी घातलेली घडी… छत्रीचं जुनं काळं कापड खिडकीशी अंथरायचं, त्यावर एकच सिगार ठेवायचा आणि सकाळचा उजेड नीट येईपर्यंत थांबायचं. दोन वर्षं हेच करतेय. लोक हसतात. हसू देत.

तर पंधरवड्यापूर्वी शेजारचा भिकाजी आला. मासेमारीला होडीवर जातो. माणूस सरळ, पण एकदा शब्द दिला की इकडचा तिकडे व्हायचा नाही.

"वयनी, तुमच्याकडे चिरूट आसत मां? एक व्हयो होतो."

"तू तर तंबाखू सोडलीस ना?"

"माका नुको. राखणदाराक."

उन्हाळ्यात त्याच्या बायकोचं, सावित्रीचं, पोटाचं ऑपरेशन झालं. ती चालत घरी आली तर जाडा चिरूट ठेवीन, असा नवस याने खाडीच्या राखणदाराला बोलला होता. आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, कुणी विडी ठेवतं, कुणी दारू, कुणी जाड भाकरीचा रोट. याने नेमका चिरूट कबूल केला आणि मालवणच्या दुकानांत तसा मिळेना. नवस फिटेपर्यंत सावित्रीने मासळी बाजारात बसायचं नाही, हेही त्यानेच ठरवलेलं.

मी पेटी पुढे केली. त्याने बोट दाखवलं ते काळ्या कापडावरच्या सिगारकडे… सगळ्यांत जाड तोच. त्याचे फोटो अर्धेच झाले होते. "हा चार दिवसांनी ने," मी सांगून टाकलं.

आणि मळभ आलं. चाराचे आठ दिवस झाले. भिकाजी रोज कुंपणापाशी यायचा, आभाळाकडे बघायचा आणि परत जायचा.

नवव्या दिवशी सावित्री स्वतः आली. बस म्हटलं तर बसली नाही.

"वयनी, बाजारात माझ्या जाग्यार दुसरी पाट मांडून बसता. माझी गिऱ्हाइकां तिका नावान हाक मारूक लागली. तो देवाक भियता, तुम्ही ढगांक भियतात… आणि मी घरात बसान भांडी मोजतंय."

  मी सिगार उचलला आणि तिच्या हातात दिला.

मंगळवारी खाडीकाठी गेलो. निदान धुराचा फोटो मिळेल म्हणून मीही कॅमेरा घेऊन गेले. राखणदाराचं स्थळ म्हणजे करंजाखालचा एक काळा दगड. वाडीतले वयस्कर तात्या देवापुढे गाऱ्हाणं घालायला आले होते. गाऱ्हाणं झालं, "व्हय म्हाराजा" म्हणून झालं, भिकाजीने काडी ओढली… सिगार पेटेना. टोक काळं व्हायचं आणि विझायचं. अर्धी काडेपेटी संपली.

"भिकाजी इडी बोललो असतो तर आतापर्यंत घराक पोचलो असतो," तात्या पुटपुटले. "हेका मोठेपणा व्हयो."

भिकाजीने काडेपेटी खाली ठेवली. "घेना नाय तो. उशीर झालो म्हणान रागावलो." सावित्रीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. नवस परतला तर बाजार कायमचा बंद, हे तिला कळत होतं. मलाही… उशीर माझ्यामुळेच झाला होता.

"तो रागावलेला नाही," मी म्हटलं. "सिगारचं मागचं टोक बंद असतं. कापल्याशिवाय हवा जात नाही." भिकाजीची जाळ्याची सुरी घेऊन मी टोक कापलं. पण नुसतं कापून भागत नाही. पेटताना सिगार ओढावा लागतो, हे मी वाचलं होतं.

भिकाजीने माझा हात जवळजवळ धरलाच. "तोंडात घालू नका हां वयनी. देवाक उष्टो चलाचो नाय."

बॅगेत लेन्सवरची धूळ उडवायचा रबरी फुगा होता. तो दाबला, त्याची नळी कापलेल्या टोकात घट्ट बसवली आणि हळूच सोडला. फुग्याने हवा ओढली. पुढे भिकाजी काडी धरून होता… टोकाला लाल ठिपका दिसला. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला.

भिकाजीने तात्यांकडे पाहिलं. फुग्याने ओढलेलं देवाला चालतं का, हे तेच सांगू शकत होते.

तात्यांनी फुगा निरखला. "फुग्याक खंय तोंड आसा? चलात. ओढ गो तू, थांबू नको."

दहा-बारा वेळा ओढल्यावर सिगार नीट पेटला. भिकाजीने तो दगडाच्या खाचेत उभा केला आणि निळसर धूर सरळ वर गेला. सावित्रीने हात जोडले, पदर खोचला आणि वाटेला लागली.

"पुरो जळांदे तरी," भिकाजी म्हणाला.

"तू बस जळासर. माका टोपली धुवची आसा."

बुधवारी ती तिच्या जागेवर होती. दुसरी चार हात पलीकडे सरकली होती, कुरकुरत. मी सुरमई घेतली आणि दोघींच्या मधून निघून आले.

पेटलेल्या सिगारचा फोटो माझ्याकडे नाही. दोन्ही हात फुग्यात गुंतलेले होते. पण आठ दिवस उजेडाची वाट पाहत मी एका बाईचा धंदा अडवून ठेवला होता आणि ते तिने माझ्या दारात उभं राहून मला सांगितलं… माझ्याशी असं बोलणारी माणसं फार नाहीत. सावित्री बोलली, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.