फोनमधलं अंडं

अनोळखी माणसाला घरात न घेणारे सोलापुरात पुष्कळ आहेत; अनोळखी नावाला घरात न घेणारे मात्र एकटे आमचे चुलत सासरेच. गोळीचं नाव डॉक्टरांकडून फोड करून घेतल्याशिवाय ती त्यांच्या घशाखाली उतरत नाही. लग्नपत्रिकेच्या तळाशी छापलेला 'चिंटू' नेमका कुणाचा, हे कळेपर्यंत ते त्या लग्नाला जेवत नाहीत.

अशा माणसाच्या फोनवर एका सकाळी, कुठलं बटण दाबलं गेलं कोण जाणे, आत दडलेल्या ॲपची यादी उघडली. नवी पेठेतलं कापडाचं दुकान नोकरावर टाकून ते तडक माझ्याकडे आले.

"जावईबापू, माझ्या फोनमधी भाडेकरू शिरलेत की! येकाला वळखत न्हाई मी. आणि सगळ्यांचं नाव कॉम!"

ही नावं मोठ्याकडून धाकट्याकडे वाचायची, आधी पेठ, मग दुकान, शेवटी काम, असं मी समजावलं. दुकानदार माणूस, पटलं. मग दोघांनी चष्मे लावून शिरगणती सुरू केली. 'कॉम डॉट अँड्रॉइड डॉट फोन' वाचून ते म्हणाले, "फोनमधी आणि फोन? मग मी हातात काय धरलंय?" छपाईचं काम बघणाऱ्याला त्यांनी विचारलं, "प्रिंटर न्हाई माझ्याकडं, मग ह्यो बसून काय खातो?" आणि मग आलं 'कॉम डॉट अँड्रॉइड डॉट एग'.

"एग म्हंजे?"

"अंडं."

"तत्ती!" भीतीनं त्यांना अंड्याचं कानडी नावच आठवलं. "गळ्यात लिंग हाय माझ्या, जावईबापू, आणि खिशात अंडं?"

ही फोन बनवणाऱ्यांनी लपवलेली एक गंमत आहे, तिला ना बलक ना टरफल, असं मी परोपरीनं सांगितलं. ते उठून गेले. घरी जाऊन त्यांनी अंडं काढायचा चंग बांधला. अंडं काही निघेना, तेव्हा शेजारपाजारच्या ॲपवर राग काढला आणि त्या भरात नावं-नंबर सांभाळणाऱ्या ॲपचं पोट साफ केलं. फोनमध्ये एकही ओळखीचं माणूस उरलं नाही. अंडं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ते वही घेऊन स्कूटरवर दारोदार नंबर गोळा करत फिरू लागले. बहिणीचा नंबर आणायला अक्कलकोटला गेले, चार दिवस राहिले, आणि नंबर घ्यायचाच विसरून आले.

पुसलेली नावं त्यांच्या मुलीनं उघडून दिलेल्या ऑनलाइन खात्यात सुखरूप आहेत, दोन मिनिटांत परत येतील, हा शोध मला नंतर लागला. सांगायला दुकानात गेलो. ते वही उघडून बसले होते.

"जुन्या भागीदाराकडं गेलतो," ते म्हणाले. "भांडण झाल्यापासनं बोलत नव्हतो. म्हटलं, नंबर दे. तर म्हणतो, तोच हाय की, तूच लावत न्हाईस. मग बसलो दुपारभर." त्यांनी पान उलटलं. "येकाकडं मात्र फोटोला हार होता. मला कुणी कळवलंच न्हाई बघा. बायकोचा नंबर घेतला, पण लिवला त्याच्याच नावापुढं."

"अजून किती राहिले?"

"निम्मे असतील."

सांगायचं होतं ते मी गिळलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो.