कर्णाचा वर्ग

“तिचं गणित आता इंग्रजी झालंय. माझ्या कामाचं नाय राह्यलं,” स्वयंपाकघरात पप्पा आईला म्हणाले.

“म्हणजे मास्तरकी गेली म्हणा तुमची!” आई हसली. पप्पा हसले नाहीत.

मी बाहेरच्या खोलीत त्रिकोणमितीचं पुस्तक उघडून बसले होते. सगळं ऐकू आलं. बजाजनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत कुणाचं बोलणं कुणापासून लपत नसे.

पप्पा बिडकीनजवळच्या गावी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले आणि मग इथं कारखान्यात लागले. माझ्या शाळेची ती वर्षं दुष्काळाची होती. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसे, रविवारी सकाळी टँकर यायचा. ड्रम भरून झाले की पप्पा ओल्या हातांनीच माझ्या शेजारी मांडी घालून बसायचे. “हां माय, काय दिलंय? काय काढायचंय?” प्रत्येक गणिताला हेच दोन प्रश्न. त्यांच्या बोटांनी माझ्या वहीचे कोपरे फुगलेले असत. मला ते आवडायचं, पण मी तसं कधी बोलले नाही.

नववीत एकदा वर्गातली मैत्रीण गृहपाठ करायला घरी आली. पप्पांनी काटकोन त्रिकोण काढला आणि तिरप्या बाजूवर पेन टेकवलं. “आधी कर्णाचा वर्ग काढा.”

शाळेत आम्ही त्या बाजूला हायपोटेन्यूज म्हणायचो. मैत्रीण गोंधळली. “अंकल, कर्ण म्हणजे महाभारतवाला? कोणत्या वर्गात होता?”

तिला खरंच कळलं नव्हतं. मला कळलं होतं, कर्ण मी पप्पांकडूनच शिकले होते. तरी मी हसले, तिच्यापेक्षा जोरात. पप्पाही हसल्यासारखं करून उठले. “टँकर आला वाटतं,” म्हणाले. टँकर कधीच येऊन गेला होता.

त्यानंतर ते माझ्याजवळ बसले नाहीत. रागावलेही नाहीत. ड्रम भरून झाले की ओट्यावर जाऊन समोर चढणारी नवी इमारत बघत राहायचे. माझी वही कोरडी, नीटनेटकी झाली. बाईंनी वर्गात दाखवली सगळ्यांना. मी मात्र गणित सोडवताना मधेच थांबायचे आणि त्यांच्या पावलांचा अंदाज घ्यायचे.

आणि आता आत ते आईला असं म्हणत होते.

माझं गणित तोवर सुटलं होतं. मनोऱ्याची उंची काढायची होती, उत्तर पुस्तकामागे पाहून जुळवलंही होतं. पप्पा बाहेर आले आणि दाराशी चपला शोधू लागले. मी खोडरबर घेतला. उत्तर खोडलं, वरच्या दोन पायऱ्याही खोडल्या. त्यांनी एक चप्पल पायात घातली होती.

“पप्पा,” मी म्हणाले, “मला हे येत नाहीये. बसा ना थोडं.”