मेथीचा लेप लावणारी मावशी

"हलू नगं, सुमे," असं म्हणतच मावशी डोक्यात बोटं घालायची. पुढ्यात मी असो, नाहीतर पिंपळे सौदागरहून गाडी घेऊन आलेली एखादी मॅडम. लेप लावून होईपर्यंत तिच्यासाठी सगळ्या सुमीच.

सुमी तिची मुलगी. लातूरकडून दिघीत राहायला आल्यावर वर्षभरात तापानं गेली. मावशीला ते कधी पटलंच नाही. म्हणून आम्हा बायकांत एक रीत पडली होती, तिनं सुमीला हाक मारली की आपण "हं, आई" म्हणायचं. कुणी गप्प राहिली तर मावशीची बोटं थांबायची आणि ती दाराकडे बघत बसायची. ते बघवायचं नाही हो.

मी चाकणच्या कंपनीत लाइनवर. शिफ्टभर टोपीखाली घाम, त्यामुळे डोक्यात नुसता कोंडा. जाहिरातीतल्या सगळ्या बाटल्या करून झाल्या होत्या. मावशीनं भिजवलेली मेथी वाटून आंबट दह्यात कालवली, लेप लावला, शिकेकाईनं धुतलं आणि वरून कडुनिंबाचं पाणी ओतलं. "खाजवू नगं. नखानं कोंडा जात न्हाई, रगत येतं." हळूहळू डोकं शांत झालं. तरी मी जात राहिले. त्या बोटांची सवय लागते.

असाच एक रविवार, भर दुपार. खोलीत आम्ही दोघीच. माझ्या दातांत पिना धरलेल्या.

"सुमे, लई झोंबतंय का गं?"

मला बोलता येईना. पिना काढते तोवर मावशीच्या मागून उत्तर आलं, "न्हाई, आई."

तिच्या मागे भिंत होती. मावशीची बोटं जराही थांबली नाहीत. मी मात्र डोकं न धुताच घर गाठलं.

पुढच्या रविवारी तिनं सगळ्यांना दारातूनच परतवलं. "आता येऊ नका गं कुनी. माझी आलीया." चेहऱ्यावर असं समाधान, की वाद कोण घालणार? मग दार बंदच असायचं. येता-जाता मेथीचा वास यायचा, फणीचा आवाज यायचा. बायका म्हणायच्या, म्हातारी भ्रमिष्ट झाली. मला मात्र ते "न्हाई, आई" आठवायचं.

दिवाळीच्या आधी ती गेली. दार आम्हीच उघडलं. मावशीचे खांदे आधीपासूनच आखडलेले, हात कानाच्या वर जात नसे. तिचे स्वतःचे केस कायम कसेतरी गुंडाळलेले असायचे. त्या दिवशी ती भिंतीपासून हातभर पुढे सरकून बसली होती, मागे कुणाला तरी जागा ठेवल्यासारखी. मला घाबरायला हवं होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं. तिच्या केसांत मधोमध भांग, पाठीवर घट्ट वेणी. वेणी अजून ओली होती.