शिवेवरचं भगदाड

उल्हास नदी कल्याणपर्यंत गोड्या पाण्याची. पुढे तिच्यात भरतीचं पाणी शिरतं आणि तिची खाडी होते. डोंबिवलीपलीकडे या खाडीला लागूनच आमची भातशेती होती. खारं पाणी आणि भात यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध, बस्स. माझं माहेर आणि सासर ही शेजारशेजारची गावं, दोन्ही त्याच बांधाच्या आडोशाला. लहानपणी मी बघायची, खेकड्यांनी बांध पोखरला की ज्याला दिसेल त्याने हाक द्यायची आणि घरटी एक माणूस घमेलं घेऊन धावायचा. एकमेकांचं तोंड न बघणारेही धावायचे. माती टाकून झाली की पुन्हा भांडायला मोकळे.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही गावांत पंचायती आल्या. वाईट झालं असं मी म्हणत नाही, रस्ता झाला, दिवे लागले. माझे बाबा माहेरच्या पंचायतीत पंच, सासरे इकडच्या. दोघांनी मिळून बांधावर शिवेचा दगड रोवला. इकडचा बांध आमचा, तिकडचा तुमचा. खाडीला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात असताना, अमावास्येच्या दुपारच्या भरतीत नेमकं त्या दगडापाशी भगदाड पडलं. मी शेतावर जेवण घेऊन गेलेले. दोन्ही गावची माणसं घमेली घेऊन आली आणि उभीच राहिली.

"व्याही, हे तुमच्या हद्दीत आहे," बाबा म्हणाले. "आज आम्ही माती टाकली तर उद्या सगळा बांध आमच्या गळ्यात."

"तुमच्या बाजूने पोखरलाय. आधी सभेत ठरू द्या," सासरे म्हणाले.

अगदी अहोजाहो करत, शांतपणे चाललं होतं. माझं डोकंच फिरलं. "आधी माती टाका, हद्द मग मोजा," मी म्हटलं.

"सूनबाई, तू घरी जा," सासरे म्हणाले. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी पदर खोचला आणि माती ओढू लागले. मला बघून चारजण लाजले, पुढे आले, पण तोवर पाण्याने वाट मोठी केली होती. सासरची जमीन जरा उंचावर, ती वाचली. माहेरची शेतं सखल, सगळं पाणी तिकडे गेलं. आठवडाभरात उभं भात पिवळं पडलं.

आमच्यात नवं भात आलं की बाप लेकीकडे पोतं पाठवतो. त्या दिवाळीला पोतं उलट गेलं. सासऱ्यांनीच ते गाडीत चढवलं. मी माहेरी गेले. आईने त्याच तांदळाचा भात रांधला आणि बाबांना वाढला. बाबांनी एक घास घेतला.

"बाय, दाणा चांगला आहे गं," मला म्हणाले आणि रडायला लागले.

लेकीच्या सासरचं अन्न माझ्या बापाच्या घशाखाली उतरत नव्हतं, आणि घरात शिजवायला दुसरं काही नव्हतं.