माणसाची फळी

फळ्या दोन होत्या. एक गाडीची आणि एक माणसाची. असं का, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

शेळगावात तेव्हा मोटारसायकली बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि त्यातली एक तरी कायम बंद पडलेली. इंजिनाचं मोठं काम निघालं की गाडी बारामतीला न्यावी लागायची. आमच्या चुलत्यांचा पिकअप टोमॅटो घेऊन बारामतीच्या मार्केटला जायचा, त्यातच ती चढवायची. चढवायची म्हणजे पाच गडी पाच बाजूंनी धरणार, सहावा नुसता ओरडणार, आणि शेवटी कुणाचा तरी अंगठा फुटणार नाहीतर सायलेन्सर वाकणार. माझ्या दादाला हे बघवायचं नाही. अंगठ्याचं त्याला एवढं नव्हतं, काम वेडंवाकडं होतंय याचाच त्याला त्रास.

त्यानं बाभळीची एक लांब फळी केली. एक टोक पिकअपच्या हौद्यावर, दुसरं जमिनीवर. पहिल्याच दिवशी गाडी झकास वर गेली आणि दादा खाली राहिला! गाडी ढकलणाऱ्यानं चालायचं कुठून, याचा विचारच त्यानं केला नव्हता. हँडल धरून असा लोंबकळला की पाय हवेत. मी हसले, आणि मी हसते ते चार घरांना ऐकू जातं. दादानं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी दुसरी फळी घेऊन आला.

"गाडी चढती, मग माणसानं चढू न्हाय व्हय?" म्हणाला.

दोन्ही फळ्यांच्या टोकांना लोखंडी आकडे होते, घसरू नयेत म्हणून. वरच्या बाजूला जुन्या टायरच्या पट्ट्या ठोकलेल्या. लाकूड आधीपासूनच वर्षभर सावलीत वाळवून ठेवलेलं. घाईनं, उन्हात वाळवलं की लाकूड तडकतं, हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं होतं की माझे कान किटले होते. हे लक्षात ठेवा. मला हे माहीत होतं.

आमच्या घरात सुतारकाम कुणी केलेलं नव्हतं. वडील, म्हणजे तात्या, कोऱ्हाळे बुद्रुकला मास्तर होते. तिथंच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी मोटारसायकलवरून घरी यायचे. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे एकच धोशा होता, शिका आणि नोकरीला लागा. तात्यांना थोरला मुलगा खुर्चीवर बसलेला बघायचा होता, खुर्ची करताना नाही. बी.ए. झालेला पोरगा रंधा मारत बसलेला दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. मग दादा इंदापूरला एका सुतारमिस्त्रींकडे काम शिकायला जायचा आणि तात्यांनी विचारलं की मी सांगायची, "दादा लायब्ररीत गेलाय." हे लहानपणापासूनचं. त्यानं फोडलेली कपबशी नेहमी मी फोडलेली असायची. माझा चेहराच असा की खोटं खपून जायचं.

त्या साली गावात बुद्धविहाराचं बांधकाम निघालं. दार दादानं करावं असं जाणत्या माणसांनी ठरवलं. तात्या जेवता जेवता म्हणाले, "कर दार. लोकांनी चांगलं म्हटलं, तर मी परत नोकरीचं नाव काढणार न्हाय. वाईट म्हटलं, तर मात्र गुमान अर्ज भरायचा."

दादाचा घास हातातच राहिला. हात धुतल्यावर त्यानं मला परसात ओढत नेलं. "ऐकलंस नव्हं तू? तात्या म्हणलं नव्हं?" चार वेळा विचारलं. चारही वेळा मी "व्हय रे बाबा, व्हय" म्हणाले. एवढं खूश मी त्याला त्याच्या लग्नातसुद्धा बघितलं नाही.

दारासाठी सागवान आलं. चौकटीचे सांधे नीट शिकून येतो म्हणून दादा आठ-दहा दिवस इंदापूरला राहिला. एप्रिल महिना. नेमकी पाटाच्या पाण्याची पाळी आली. दारं धरायचं काम माझ्याकडे, म्हणजे एका वाफ्यात पाणी भरलं की मातीनं त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं उघडायचं. माझी परीक्षा तोंडावर. एका हातात खोरं आणि एका हातात पुस्तक, असला शहाणपणा मी करत होते. पाणी आणणाऱ्या चारीचा बांध कधी फुटला मला कळलंच नाही. पाणी शेजारच्या रानात शिरायला लागलं, आणि तिथं त्यांचे काढलेले कांदे पसरलेले! शेजारणीनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी माती टाकतेय, पाणी ती घेऊन जातंय. शेवटी पळत छपरात गेले, हाताला लागली ती फळी खांद्यावर मारली, फुटलेल्या बांधाला आडवी लावली आणि मागून माती लोटली. पाणी थांबलं. कांदे वाचले.

ती माणसाची फळी होती.

त्याच दिवशी काढली असती तर काही बिघडलं नसतं. पण मी मेली आळशी. उद्या काढते, परवा काढते, करत आठ दिवस ती चिखलात राहिली. दादा उद्या येणार असं कळलं तेव्हा धावले. फुगून दगडासारखी जड झाली होती. धुतली. आणि लवकर वाळावी म्हणून घरच्या पत्र्यावर टाकली, एप्रिलच्या भर दुपारी.

ऊन उतरल्यावर खाली घेतली तर खालच्या अंगाला मधोमध चीर. माझ्या पंजाएवढी लांब, आणि आत चिखल बसलेला. मी तेल चोळलं. चीर थोडी बुजल्यासारखी दिसली. वरून टायरच्या पट्ट्या आहेत, खालून कोण बघतंय, असं म्हणून फळी होती तिथं ठेवून दिली.

दादा आला. फळीवरून हात फिरवला. "तेल दिलंस व्हय? शाबास गं बारके!"

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण म्हणाले काय, तर "चहा टाकू का?"

त्या रविवारी तात्यांचीच मोटारसायकल बारामतीला न्यायची होती. पिकअप दारात लागला. दादा हँडल धरून माणसाच्या फळीवर, मी मागून कॅरिअरला रेटा देतेय, आणि तात्या हात मागं बांधून बाजूला उभे, पेपर तपासायला आल्यासारखे. दादानं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. माझं लक्ष गाडीवर नव्हतंच, त्याच्या पायाखाली होतं. "थांब" म्हणायला किती वेळ लागतो? तिसऱ्या पावलाला फळी कडाडली. दादा खाली आणि गाडी त्याच्या नडगीवर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. कुणाच्या वाट्याला येऊ नये.

ती गाडी तात्यांनी एकट्यानं उचलून बाजूला केली. कुठून बळ आलं कुणास ठाऊक. त्याच पिकअपमधून दादाला बारामतीला नेलं आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टर घालून आणलं. अंगणात बाज टाकून त्याला निजवलं. मी कुऱ्हाड घेतली, फळीचे दोन्ही तुकडे फोडले आणि अंघोळीच्या बंबात घातले. मोडलेल्या ठिकाणी चिखलाची रेघ उघडी पडली होती. कुणी बघायच्या आत ती जळायला हवी होती. मी ढसाढसा रडत होते, आणि तरीही एकेक ढलपी वेचून आत टाकत होते.

तात्या काही बोलतील म्हणून मी जीव मुठीत धरून होते. पण ते बाजेपाशी बसले आणि म्हणाले, "लोक थांबतील दारासाठी. तू आधी बरा हो."

तात्या असं म्हणाले! ज्यासाठी दादा इतकी वर्षं झुरला, ते त्यांनी आपण होऊन दिलं. आणि दादानं मान हलवली.

"न्हाय तात्या. मला लाकूड कळत न्हाय. फळी मीच निवडली, मीच वाळवली. दार उद्या कुणाच्या लेकराच्या अंगावर पडलं म्हंजी? अर्ज आणा, भरतो."

मी दुधाचा पेला घेऊन तिथंच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. बावड्याच्या पाहुण्यांकडे माझं लग्न ठरत आलं होतं, तात्यांची भीती होती, सगळं खरं. पण खरं कारण वेगळंच. दादा माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचा, ती नजर मला घालवायची नव्हती. म्हणून मी पेला त्याच्या हातात दिला आणि आत गेले.

पाय बरा झाला, थोडा लंगडा राहिला. दादा इंदापूरला कारकून झाला. करवत, रंधा, पटाश्या, सगळं त्यानं मिस्त्रींना देऊन टाकलं. विहाराचं दार दुसऱ्या कुणी तरी केलं.

तीन वर्षांनी बुद्धपौर्णिमेला मी बावड्याहून माहेरी आले होते. विहाराचं दार खाली फरशीला घासत होतं. येणारा प्रत्येक जण त्याला खांदा लावून आत शिरायचा. दादा खिशाला पेन लावून शेजारी उभा होता. त्यानं वाकून दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि स्वतःशीच म्हणाला, "दोन सूत रंधा फिरवला असता तर..." आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

मला सहन झालं नाही. मी त्याला विहाराच्या मागं नेलं आणि सगळं सांगितलं. पाटाचं पाणी, कांदे, आठ दिवसांचा चिखल, पत्रा, चीर, तेल. काही राखलं नाही. "तुझं लाकूड चांगलं होतं रे दादा. तुझ्या हातात काही खोट नव्हती. मी नासवलं."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हसला.

"किती गं जुळवून बोलतीस! तात्यांपुढं बोलायचीस, अगदी तशीच."

"खरं बोलतेय मी! शप्पथ!"

"माझ्यापायी शपथा घिऊ नगंस." त्यानं खांद्यावरच्या टॉवेलानं माझे डोळे पुसले. "तुझा माझ्यावर किती जीव हाय, मला ठावं न्हाय व्हय? माझा पाय मोडला म्हणून तू रडत रडत त्या फळीचं तुकडं केलंस आन् बंबात घातलंस. मी बाजेवरनं बघत हुतो."

मी पुन्हा बोलायला गेले, पण त्यानं माझा हात धरला. "चल, लोक थांबल्यात," म्हणाला. आणि ते अडलेलं दार खांद्यानं रेटून त्यानं माझ्यासाठी उघडलं.