सुपडूच्या ताटातले बेचाळीस रत्तल

कुंदाबाईच्या घरी नवऱ्याचं ताट वाढायचा मान तिचा नव्हता. त्यात भांडण काही नव्हतं, वहिवाटच तशी पडली होती. सुपडूला त्याची माय वाढायची, शेवंताबाई. ती कुंदाबाईच्या बापाची सख्खी बहीण, त्यामुळे सासू झाली तरी कुंदाबाईच्या तोंडी 'आत्या'च राहिली. पारोळ्यापासून दोन कोसांवर गाव, कपाशी-ज्वारीचं कोरडवाहू शेत, दोन मुली आणि ही तीन मोठी माणसं, असा संसार होता.

शेवंताबाईला सात लेकरं झाली. सहा जण वर्षाच्या आत गेली. सातवं जन्मलं तेव्हा सुईणीने त्याला सुपात घातलं, सूप उकिरड्यापर्यंत ओढत नेलं आणि परत आणलं. टाकून दिलेलं पोर, याला नेऊन यमाला काय मिळणार, असा हिशेब. म्हणून नाव सुपडू. सुपडू जगला, पण दोन वर्षांचा होईतो काडीसारखा होता. ती माउली तो झोपला की त्याच्या पाठीला कान लावून बसायची. त्यानंतर तिला लेकराच्या जगण्याची एकच खूण कळली, ती म्हणजे भरलेलं ताट आणि ते पुसून खाणारा पोरगा.

छत्तिसाव्या वर्षी सुपडू एवढा झाला होता की बैलगाडीत बसला की जू वर उचललं जायचं. स्वभावाने गरीब आणि हसतमुख. पंगतीत लोक त्याला मुद्दाम कडेला बसवायचे आणि त्याची गंमत बघायचे. तोही बघू द्यायचा. मग त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर शेतात पोतं उचलताना जांघेत गाठ आली. झोपलं की आत जायची, उभं राहिलं की बाहेर यायची. कुंदाबाई त्याला एस. टी.ने धुळ्याला घेऊन गेली. त्याने दोन जणांची जागा घेतली म्हणून कंडक्टरने दोनदा त्याच्याकडे पाहिलं, पण तिकीट एकच फाडलं.

धुळ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी गाठ पाहिली आणि सुपडूला काट्यावर उभं केलं. दोनशे बहात्तर रत्तल, म्हणजे आजच्या हिशेबाने सव्वाशे किलोला थोडं कमी.

"अंतर्गळ आहे. ऑपरेशन करावं लागेल, पण आत्ता नाही," ते म्हणाले. "या वजनाला भूल द्यायची माझी तयारी नाही. दिली तरी टाके धरणार नाहीत. दोनशे तीसवर आणा, मग करू."

"आन् नाही केलं तर?" कुंदाबाईने विचारलं.

"चालेल तोवर चालेल. पण एखाद्या दिवशी आतडं त्या गाठीत अडकलं, तर तुमच्या गावाहून इथवर आणेस्तोवर उशीर झालेला असेल."

हे ऐकून कुंदाबाई घरी आली आणि तिला जे सुचायचं तेच सुचलं. उपास. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय दोन एकादशा. तिला वाटलं होतं आत्या मोडता घालेल. आत्या तर लगेच तयार झाली. उपास म्हणजे पुण्याचं काम, आणि उपासाचं रांधणं तिच्याच हातात होतं. शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, भगर आणि वर दाण्याची आमटी, मधल्या वेळेला गुळातले शेंगदाण्याचे लाडू. त्यात सावद्याकडच्या पाहुण्यांनी केळीचा घड आणून टांगला. सुपडू मनापासून उपास करत होता.

महिन्याभराने दोघं धरणगावला गेली. तिथल्या एका कापसाच्या जिनात रुईच्या गठाणी तोलायचा काटा होता आणि काट्यावरचा नथ्थू सुपडूच्या ओळखीचा होता. नथ्थूने वजनं सरकवली, डोळे बारीक केले.

"दोनशे शहात्तर," तो म्हणाला. "भाऊ, उपास तू धरस का काटा धरस?"

सुपडू तेव्हा हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याने खाणंच सोडलं. माय रडली, त्याने ऐकलं नाही. चार दिवस नुसतं पाणी आणि बिनदुधाचा चहा. पाचव्या दिवशी पारोळ्याच्या बाजारात वांग्यांच्या ढिगाशेजारी तो खाली बसला आणि बसल्या जागी आडवा झाला. लोकांनी तोंडावर पाणी मारलं, कोणी गुळाचा खडा जिभेवर ठेवला. तिथून त्याला धुळ्याला नेलं.

डॉक्टर सुपडूला काही बोलले नाहीत. कुंदाबाईला बोलले.

"बाई, नवरा बारीक करायचाय की मारायचाय? उपास बंद. देवाला माझं नाव सांगा. तीन वेळा जेवू द्या, वेळेवर. एका वेळी दीड भाकरी, पातळ डाळ, पालेभाजी पोटभर, ताक हवं तेवढं. तूप, गूळ, तळलेलं घरात दिसू नये. गाठीला पट्टा बांधून रोज चालवा. दम लागला की तिथून मागे फिरायचं. आठवड्याला रत्तल-दीड रत्तल उतरलं तरी पुरे. जास्त उतरलं तर मला आवडणार नाही."

"म्हंजे पाऊस येईल तोवर," कुंदाबाई म्हणाली.

"येऊ द्या की."

चालणं सोपं निघालं. पहिल्या दिवशी सुपडू मारुतीच्या पारापर्यंत गेला, धापा टाकत परतला. आमच्याकडे कामाशिवाय रस्त्याने चालणारा माणूस म्हणजे ज्याचं जनावर हरवलंय तो. शेजारचा झुलाल रोज ओट्यावरून विचारायचा, "सुपडूभाऊ, बैल सापडना का?"

"नही रे. धुंडी ऱ्हायनू," सुपडू म्हणायचा आणि पुढे जायचा.

अवघड होतं ते घरात. शेवंताबाईने दीड भाकरीचं ऐकलं आणि चार वाढल्या. डाळीवर तुपाची धार धरली. कुंदाबाईने तुपाची बरणी लपवली तर आत्याने शेजारच्या ताईबाईकडून वाटीभर तूप आणलं.

"आत्या, डॉक्टरनी मोजी देयेल शे."

"तुना डॉक्टरले कितला लेकरं गाडना पडनात, इचार त्याले," शेवंताबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "माले सात व्हयनात. एक ऱ्हायना. त्याले मी भुक्या ठेवू?"

 कुंदाबाईने शेतात सुपडूला विचारलं, तुमच्या तोंडाला काय झालंय, नको म्हणता येत नाही का. सुपडू बांधावर बसून पट्टा सैल करत होता.

"माय वाढस आन् समोर बसस," तो म्हणाला. "मी ताट सरकाडं ना, की ती बी जेवत नही. दोन दिन सरकाडी देखं. दोन्ही दिन ती उपाशी झोपनी. मंग काय करू, सांग."

 काटा दोनशे सत्तरच्या आसपास अडला. गाठ मोठी होत चालली होती. पट्टा बांधायला आता तिला गुडघा लावून ओढावं लागायचं.

नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायकोने जेवायचं, ही तर घरोघरची रीत. सुपडू ताटात कधी काही ठेवायचा नाही, म्हणून कुंदाबाईच्या वाट्याला ताट तेवढं यायचं, त्यात ती आपलं वाढून घ्यायची. संक्रांतीनंतर एका दुपारी तो जेवत असताना, आत्या चुलीकडे वळलेली पाहून, ती दाराआडून हळूच म्हणाली, "आज ताट पुसू नका. माले ठेवा त्यामा."

सुपडूने हात थांबवला. मग दीड भाकरी झाल्यावर उठला आणि हात धुतले. ताटात अडीच भाकरी, तुपातली डाळ आणि गुळाचा खडा तसाच होता.

"काबरं उठना रे?" शेवंताबाईने विचारलं.

"कुंदासाठे ठेवं, माय."

 शेवंताबाई यावर बोलणार काय? तिचा नवरा हयात होता तेव्हा तोही सणावाराला पुरणाचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवून उठायचा आणि ती गोष्ट तिने जावांना वर्षानुवर्षं सांगितली होती. लेक बायकोसाठी घास ठेवतो म्हणून त्याला रागवावं तरी कसं? कुंदाबाई तिच्यासमोर बसली आणि अडीच भाकरी जेवली. शेवंताबाईही जेवली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. काटा हलला. फाल्गुनात दोनशे साठ, चैत्राच्या शेवटी दोनशे बावन्न. मारुतीचा पार मागे पडला, सुपडू नाल्यापर्यंत जाऊ लागला, मग नाल्यापलीकडच्या शेतापर्यंत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाहुणे आले. पुरणाचे मांडे होते, आंब्याचा रस होता. सुपडूने एक मांडा खाल्ला आणि तीन ठेवले. पाहुण्यांत कोणी म्हणालं, "कुंदाबाई, नवराले खावाले देस का नही?" तर ती म्हणाली, "तो माले देस," आणि पंगत हसली.

शेवंताबाई मात्र हसली नव्हती. सुपडूच्या गालांची हाडं वर आली होती. तिने सहा वेळा असे गाल पाहिले होते. रात्री ती जेवली नाही. सकाळी कुंदाबाईला म्हणाली, "हाऊ जाई ऱ्हायना तुले दिखत नही का?"

 "आज तुमीच जा त्यास्ना संगे," कुंदाबाई म्हणाली.

शेवंताबाई लेकाबरोबर शेतापर्यंत गेली. वाटेत तीन वेळा तीच दमून थांबली आणि सुपडू तिच्यासाठी थांबला. जाताना-येताना तो कपाशीच्या बियाण्याबद्दल, झुलालच्या टोमण्यांबद्दल सारखा बोलत होता. वर्षभरापूर्वी चार पावलं टाकली की त्याच्याने शब्द फुटत नसे. घरी आल्यावर ती ओट्यावर टेकली. सुनेला म्हणाली, "छाती वाजत नही आते त्यानी." आणि भाकर मागून घेतली.

तरीही ताटात चार भाकरी येतच होत्या. त्या कोणाच्या पोटात जात होत्या हे जूनमध्ये दिसलं. कुंदाबाईच्या बांगड्या मनगटात रुतल्या, चोळी काखेत उसवली. विहिरीवरून दोन हंडे आणताना ती ओट्याशी थांबून श्वास घेऊ लागली. शेवंताबाई पंधरा दिवस निरखत होती. शेवटी तिने सुनेला चुलीपाशी बसवून हळूच विचारलं, "काही शे का व? दिन गयात का?"

"नही आत्या," कुंदाबाई म्हणाली. "तुमना पोऱ्यानं ताट शे ते."

शेवंताबाईला ते समजायला वेळ लागला. पीठ मळता मळता तिने भाचीच्या हाताकडे पाहिलं. भावाने ही पोर तिच्या ओटीत घातली तेव्हा मूठभर होती.

"आन् तू गपचूप खात बसनी?"

"टाकी देतू तर तुमी जेवत्यात का?"

त्या संध्याकाळी सुपडूच्या ताटात दोन भाकरी आल्या. तूप नव्हतं.  सुपडूने अर्धी भाकर ठेवली, सवयीने. कुंदाबाईने ती खाल्ली आणि वर एकच वाढून घेतली.

पोळा झाल्यावर धरणगावच्या काट्यावर दोनशे तीस भरलं. दोनशे बहात्तरातून बेचाळीस रत्तल उतरले होते. नथ्थूने दोनदा तोललं. "गठाण फुटनी, भाऊ. आर्धी रुई कोठे सांडी उनास?" म्हणाला आणि सुपडूच्या पाठीवर हात मारला. धुळ्याच्या काट्याने दोनशे एकतीस दाखवलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, त्याला जिना चढून यायला लावलं, पुन्हा ऐकली. एक रत्तल माझ्याकडून, असं म्हणून त्यांनी पुढच्या बुधवारची तारीख दिली.

शेवंताबाई घरी राहायला तयार नव्हती. मुलींना ताईबाईकडे ठेवून तिघं आदल्या दिवशी दवाखान्यात पोचली. नर्सने दोघींना बजावलं, रात्री आठनंतर पेशंटच्या पोटात काही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही, नाहीतर भूल दिल्यावर ओकारी छातीत जाईल आणि माणूस हातचा जाईल.

बुधवारी सकाळी कुंदाबाई आत्यासाठी चहा आणायला फाटकाबाहेर गेली. परत आली तेव्हा वॉर्डाच्या दारातच तिला सुपडूचा आवाज ऐकू आला.

"माय, घोटभर पानी."

"नही."

"तोंड कोरडं पडनं. कोन देखस आठे?"

"मी देखस ना."

"भूक लागनी वं, माय."

कुंदाबाई दारातच उभी राहिली. छत्तीस वर्षांत हे वाक्य पुरं व्हायच्या आत शेवंताबाई चुलीपाशी पोचलेली असायची. आता ती खाटेच्या कडेवर बसून होती. तिने लेकाचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"मालेबी लागेल शे," ती म्हणाली. "तू उठ, मंग दोन्ही खासूत."

कुंदाबाई हातातला चहा घेऊन तशीच मागे फिरली आणि तो चहावाल्याला परत देऊन आली.

दहा वाजता स्ट्रेचर आलं. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या.  शेवंताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. साडेअकराला डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, टाके चांगले बसलेत, शुद्धीवर यायला थोडा वेळ लागेल.

शेवंताबाई उठून उभी राहिली.

"साहेब," तिने विचारलं, "आते त्याले कितलं देवानं? मोजीसन सांगा."